गळ्यावरची रेघ

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला परसदार होतं. बिळामागे परसदार, ढोलीमागे परसदार, जाळीमागे परसदार. सशांच्या परसात कोथिंबीर होती. खारींच्या परसात शेवगा होता. रानडुकराच्या परसात नुसता चिखल होता, पण तो त्याला बाग म्हणायचा. म्हणू द्या.

त्या जंगलात सातभायांचा एक थवा राहायचा. सातभाई म्हणजे मातकट रंगाचे, पांढुरक्या डोळ्यांचे, सदा कलकल करणारे पक्षी. या थव्यात भाई तीनच होते, बाकी चौघी बायका. पण नाव पडलं ते पडलं.

थव्याची एक जुनी रीत होती. सगळे खाली पाचोळा उलटून किडे शोधायचे, तेव्हा एकाने वर फांदीवर बसून पहारा करायचा. शिकारी पक्षी दिसला की ओरडायचं. ओरडणं कानावर आलं की खालच्यांनी जाळीत घुसायचं. कोण आलं, कुठून आलं, काका आला की मामा आला, हे सगळं आत गेल्यावर विचारायचं. जाळीत बसलं की वेळच वेळ असतो.

पहाऱ्यावर बसायची ठमी.

ठमीचा आवाज म्हणजे फाटकं सूप दगडावर घासावं तसा. तो आवाज ऐकून नुसते सातभाईच नाही, तर ससे, खारी, उंदीर, होले, सगळेच दडायचे. ठमीला कोणी कधी त्याबद्दल शाबासकी दिली नाही. पण कोणी मेलंही नाही.

आता मेख अशी होती, की त्याच जंगलात पावशाही राहायचा. हा पावशा म्हणजे 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ओरडणारा, अळ्या खाऊन जगणारा गरीब पक्षी. पण देवाने त्याला अंगरखा शिवला तो थेट शिक्र्याचा. तीच राखाडी पाठ. तेच छातीवरचे आडवे पट्टे. तीच पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. उडणंही तसंच. चार वेळा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं.

आणि शिक्रा? तो अळ्या खात नाही, बाळांनो.

एकदा सशांकडे बारसं होतं. पंगत बसली होती. ठमीला शेवग्याच्या आडून राखाडी पाठ दिसली आणि तिने सूप घासलं. पंगत उठली ती पानं तुडवत जाळीत गेली. पाळण्यातल्या बाळाला न्यायचं विसरून आत्याबाई एकट्याच पळाल्या. सगळे श्वास धरून बसले. आणि शेवग्यावरून आवाज आला, "पेरते व्हा!"

खीर मुंग्यांनी खाल्ली.

थव्यातला सगळ्यांत जुना सातभाई म्हणजे दाजीबा. तो पंखातले काटे काढत बाहेर आला.

"ठमे, या पंधरवड्यात तिसऱ्यांदा. डोळे आहेत का कवड्या?"

"दाजीबा, मागून दोघं एकसारखे दिसतात."

"मग पुढून बघावं."

"पुढून दिसेपर्यंत थांबले, तर तुमची शेपटी त्याच्या पायात असेल."

"माझ्या शेपटीचं मी बघेन. तू सशांना काय तोंड दाखवणार ते बघ."

सशांचं ठमीला फार काही नव्हतं. तिचं दुःख वेगळं होतं.

गेली दोन वर्षं ठमीने करवंदीच्या जाळीत घरटं बांधलं होतं. दोन्ही वर्षी त्यात निळीशार अंडी घातली होती. आणि दोन्ही वर्षी एक राखाडी पाठ घरट्याशी आली, ठमी ओरडत पळाली आणि लांबच्या जाळीत दडून बसली. ती पाठ पावशाची होती. ठमी दडलेली असताना त्याच्या बायकोने, म्हणजे पावशीने, घरट्यात हळूच आपलं अंडं टाकलं. तेही निळंशारच.

मग काय व्हायचं? पावशीचं पिल्लू आधी बाहेर यायचं आणि बाकीची अंडी ढकलून द्यायचं. ठमी त्यालाच आपलं समजून वाढवायची. ते पोर फुगत जायचं. शेवटी शेवटी ठमी त्याच्या खांद्यावर उभी राहून त्याला भरवायची.

शेजारणी विचारायच्या, "ठमे, अंगाने कोणावर गेलाय गं?"

"माझ्या माहेरच्यांवर," ठमी सांगायची.

मग एके सकाळी ते पोर पहिल्यांदा नीट आवाज काढायचं, "पेरते व्हा!" आणि मागे वळून न बघता उडून जायचं.

दोन वर्षं, दोन पोरं, आणि एकही आपलं नाही. ठमीला आता एकच हवं होतं. आपल्या अंगाचं, आपल्या रंगाचं, फाटक्या आवाजाचं एक तरी पिल्लू उडताना बघायचं होतं.

अशा वेळी त्या जंगलात साळिंदर परत आलं.

त्यांचं नाव काटदरेशास्त्री. सात नद्यांपलीकडच्या एका मोठ्या विद्यापीठात ते सात वर्षं शिकले होते. परत आले ते डोळ्यांत तेज घेऊन. आल्या आल्या त्यांनी वडाखाली सगळ्यांना जमवलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," शास्त्रीबुवा म्हणाले, "आपण भीतीत जगतो. पाठ दिसली की पळतो. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपण घाबरतो. हे अज्ञान आहे! आधी नीट बघा. मग नाव सांगा. मग घाबरायचं तर घाबरा!"

लोकांना ते फार पटलं. आणि बाळांनो, शास्त्रीबुवा काही थापा मारत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं, की या जंगलाला डोळे द्यावेत. त्यासाठी ते उन्हातान्हात फिरत होते. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. शास्त्रीबुवांच्या अंगावर वीतवीतभर काटे होते. त्यांना आजवर कोणताही ससाणा शिवला नव्हता आणि पुढेही शिवणार नव्हता. पण विद्वान बोलत असला की लोक त्याचं कपाळ बघतात. पाठ कोण बघतो?

त्याच सुमाराला हुप्पेराव वानराने सहलीला आलेल्या माणसांच्या टोपलीतून एक कॅमेरा लांबवला, खटकन फोटो छापून देणारा. वास्तविक तो केळी लांबवायला गेला होता. पण कॅमेरा मिळाल्यावर केळ्यांचं दुःख विसरला. आता तो परसापरसातून फिरायचा आणि जे जे पंखवालं दिसेल त्याचा फोटो काढायचा.

झालं. ओळख मंडळ स्थापन झालं.

फोटो वडाच्या खोडाला डिंकाने चिकटवायचे. खाली सगळ्यांनी जमायचं. फोटोतला पक्षी कोणता ते सांगायचं. वाद झाला की शास्त्रीबुवा आपल्या पाठीतला एक काटा उपसायचे, जांभळाच्या रसात बुडवायचे आणि फोटोखाली नाव लिहायचे. एकदा लिहिलं की लिहिलं.

वाद मात्र काय रंगायचे म्हणता!

"हा शिक्रा. शेपटीवर पाच पट्टे आहेत."

"चार आहेत."

"पाचवा फांदीमागे आहे."

"फांदीमागचं तुला दिसतं, तर मग तुझी बायको कोणाच्या ढोलीत गेली ते नाही का दिसलं?"

एका फोटोवर तर अकरा दिवस खल झाला. निम्मे म्हणत शिक्रा, निम्मे म्हणत पावशा. दोन खारींचं बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे. बाराव्या दिवशी शास्त्रीबुवांनी नाकाला लावून फोटो पाहिला. ते सागाचं वाळलेलं पान होतं.

पण मंडळाने नियम केला तो चांगला होता. 'नावाशिवाय ओरडू नये.' पहारेकऱ्याने नीट बघायचं आणि नाव घेऊन ओरडायचं. 'पावशा' ऐकलं की आपापलं काम चालू ठेवायचं. 'शिक्रा' ऐकलं की जाळीत शिरायचं. झालं. पंगती वाचल्या.

ठमीला वाटलं, आपली पहाऱ्यावरून हकालपट्टी होणार. पण शास्त्रीबुवा स्वतः तिच्या फांदीखाली आले.

"ठमाबाई, तुम्हाला हे यायलाच हवं. तुमच्याइतकी गरज कोणाला आहे?"

"मला? शास्त्रीबुवा, माझे डोळे कवड्या आहेत. दाजीबाला विचारा."

"डोळे चांगले आहेत. तुम्ही आजवर ते उघडे ठेवून पळत होतात. आता उघडे ठेवून बसून राहा. बस्स, एवढीच विद्या आहे."

ठमी शिकायला लागली.

पहिल्या दिवशी पावशा समोर आला तेव्हा ती पळायच्याच बेतात होती. गळ्यात ओरडणं आलं होतं. तिने ते गिळलं आणि बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती बघत राहिली. आणि तिला दिसलं, की याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. चोच आकड्यासारखी नाही, होल्यासारखी सरळ आहे. पाय अगदीच काडीपैलवान. या पायांनी हा फारतर सुरवंट पकडेल!

ठमीला हसू फुटलं. दोन वर्षं आपण याला घाबरून पोरं गमावली?

मग तिला नादच लागला. शिक्रा आला की ती 'शिक्रा!' म्हणून ओरडायची, पण दडताना एक डोळा मागे ठेवायची. त्याचा डोळा लाल, नखं काळी, छातीवर विटकरी लाटा. किती सुंदर असतो तो, बाळांनो! जो आपल्याला खातो तो सुंदर असू शकतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ती वडाखाली जायची आणि न चुकता नावं सांगायची. दाजीबाने तिला 'ठमे' म्हणणं सोडलं आणि 'ठमाबाई' म्हणायला लागला. हुप्पेराव फोटो आधी तिला दाखवायचा आणि मग शास्त्रीबुवांना.

त्या वर्षी करवंदीच्या जाळीत पुन्हा घरटं झालं. तीन निळी अंडी. आणि अपेक्षेप्रमाणे एके दिवशी राखाडी पाठ आली. पावशा पुढे येऊन शिक्र्यासारखा घिरट्या घालू लागला. पावशी मागच्या फांदीवर टपून बसली.

ठमी जागची हलली नाही.

"पावशे," ती म्हणाली, "नवऱ्याला सांग, नाटक पुरे. चोच सरळ आहे त्याची."

"इश्श, मी नुसती टेकायला आले होते," पावशी म्हणाली.

"टेकायला तुला सगळ्या रानात माझंच घरटं सापडतं? चल, पुढे हो."

पावशी पुढे झाली. ठमी अंड्यांवर बसल्या बसल्या रडली. विद्या म्हणजे काय असते, ते तिला त्या दिवशी कळलं.

पुढे तीनपैकी दोन अंडी मुंगसाने नेली. मुंगूस ओळखायला सोपं असतं, त्यामुळे मंडळात त्याचा वर्ग नव्हता. पण तिसरं अंडं फुटलं आणि आतून पिल्लू निघालं. मातकट, उघडंवाघडं, फाटक्या आवाजाचं. अगदी ठमीच.

तिचं नाव ठेवलं बारकी.

बारकीला डोळे उघडल्यापासून एकच वेड होतं. आईने चोचीत किडा आणला की ती तोंड उघडण्याआधी विचारायची, "आई, आज कोण कोण दिसलं?"

"आधी गीळ."

"गिळते. शिक्रा आला होता?"

"आला होता."

"नर का मादी?"

"नर."

"डोळा लाल होता?"

"लाल होता. आता गीळ गं बाई, किडा चालत चाललाय."

ठमी तिला सगळं सांगायची. बाकीच्या आया पोरांना गोष्टीत राजा-राणी सांगतात, ठमी पट्टे आणि कडी सांगायची. आणि एक गोष्ट बारकी रोज सांगायला लावायची. ती बेसऱ्याची.

कारण त्या सुमाराला सगळ्या जंगलाला बेसऱ्याचं वेड लागलं होतं. बेसरा म्हणजे शिक्र्याचा चुलत भाऊच म्हणा. दिसायला इतका सारखा, की त्यांच्या आयासुद्धा चुकत असतील. तो दाट रानात राहतो, परसात येत नाही. शास्त्रीबुवांनी सात नद्यांपलीकडेही तो फक्त चित्रात पाहिला होता.

"आपल्या रानात बेसरा आहे," ते सांगायचे. "माझं मन सांगतं. एकदा, फक्त एकदा तो कोणाच्या परसात आला पाहिजे आणि त्याचा फोटो निघाला पाहिजे. मग सात नद्यांपलीकडचे लोकही आपल्या वडाचं नाव घेतील."

"पण ओळखायचा कसा?" ठमीने विचारलं होतं.

"गळा बघायचा. मधोमध एक उभी काळी रेघ. शिक्र्याला असते ती फिकट, असून नसल्यासारखी. बेसऱ्याची ठळक. काजळाच्या बोटासारखी."

तेव्हापासून सशांची पोरं खेळसुद्धा बेसऱ्याचाच खेळायची. एकाने गळ्याला कोळसा फासायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती जमून 'रेघ दिसली, रेघ दिसली' म्हणून नाचायचं.

आता नीट ऐका. 'पावशा' ऐकलं की काम चालू ठेवायचं. 'शिक्रा' ऐकलं की जाळीत शिरायचं. 'बेसरा' ऐकलं की काय करायचं, हे नियमात नव्हतं. बेसरा कोणी पाहिलाच नव्हता, तर नियम कशाला करायचा?

बारकी घरट्यातून बाहेर पडून दोन दिवस झाले होते. शेपटी अजून बोटभरच होती. उडणं कसलं, ते एका फांदीवरून दुसरीवर पडणंच होतं. उन्हं वर आली होती. थवा सशांच्या परसात पाचोळा उलटत होता. बारकी करवंदीच्या जाळीत, अगदी आत बसली होती. ठमी वर पहाऱ्याला होती.

आणि खारींच्या शेवग्यावर एक राखाडी पाठ येऊन बसली.

ठमीने पाहिलं. पिवळं कडं नाही. चोच आकड्याची. म्हणजे पावशा नाही. आता 'शिक्रा' म्हणायचं आणि संपवायचं.

तेवढ्यात त्या पक्ष्याने मान वर केली.

गळ्याच्या मधोमध एक रेघ होती. उभी. काळी. काजळाच्या बोटासारखी.

ठमी क्षणभर घाबरायचं विसरली. मग आठवलं. ओरडायला तर हवंच. पण काय ओरडायचं? 'शिक्रा' म्हणावं तर सगळे आत जातील, पण ते खोटं होईल. हा शिक्रा नव्हता. आणि खोटं ओरडल्यापायी ठमीने दोन वर्षं लोकांची बोलणी खाल्ली होती. आता ती ठमाबाई होती. ठमाबाई चुकीचं नाव घेत नव्हती.

तिने छाती भरून श्वास घेतला आणि खरं तेच ओरडली.

"बेसरा! बेसरा!"

बाळांनो, त्या जंगलात इतकं अचूक आजवर कोणी ओरडलं नव्हतं.

आणि सगळं जंगल बाहेर आलं.

ससे बिळातून बाहेर आले. खारी शेवग्याखाली धावल्या. दाजीबा किडा टाकून परसाच्या मधोमध आला आणि मान उंचावून विचारू लागला, "कुठं? कुठं?" हुप्पेराव कॅमेरा सावरत तीन झाडं ओलांडून आला. लांबून काट्यांचा खळखळाट ऐकू आला. शास्त्रीबुवा धावत येत होते. कोणी त्यांना आजवर धावताना पाहिलं नव्हतं.

"आत जा!" ठमी ओरडली. "अरे, आत जा सगळे!"

"हळू, ठमाबाई," हुप्पेराव खालून म्हणाला. "उडून जाईल तो."

आणि ठमीला करवंदीची जाळी हलताना दिसली. जाळीच्या टोकावर, उघड्यावर, बोटभर शेपटी सावरत बारकी येऊन बसली होती. ती शेवग्याकडे बघत होती. तिला गळा बघायचा होता.

"बारके, आत!"

"एकदाच, आई!"

बेसरा शेवग्यावरून सुटला. चार वेळाही पंख मारावे लागले नाहीत.

कॅमेरा खटकला. बारकी उचलली गेली. आणि वरून, पायातून, तिचा फाटका, आनंदाने फुटलेला आवाज आला.

"आई, आहे गं! ठळक आहे!"

ठमी मागे उडाली. सातभाई काही फार उडणारे पक्षी नव्हेत, पण त्या दिवशी ती उडाली. ओढ्यापर्यंत गेली, ओढ्यापलीकडच्या दाट रानापर्यंत गेली. तिथे झाडं एकमेकांत मिसळली होती आणि त्यांत काही हलत नव्हतं. ऊन कलल्यावर ती परत आली. चोचीत एक पीस होतं.

शास्त्रीबुवा वाटच बघत होते. "पीस! ठमाबाई, तुम्ही पीस आणलंत!"

"ते बारकीचं आहे," ठमी म्हणाली.

"अरेरे," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि खरंच हळहळले. "मग त्यावरून काही सांगता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो खोडाला चिकटवला होता. हुप्पेरावाने इतका चांगला फोटो जन्मात काढला नव्हता. पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं.

सगळे ठमीशी फार चांगलं वागले. सशांनी तिला पुढे जागा दिली. दाजीबा तिच्याजवळ येऊन बसला. मंडळाने दोन मिनिटं मौन पाळलं. सातभायांना ते जड गेलं, पण त्यांनीही पाळलं.

मग शास्त्रीबुवा फोटोसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मान खाली आहे," ते म्हणाले. "गळा दिसत नाही."

"मी पाहिला गळा," ठमी म्हणाली. "रेघ होती."

"मला तुमच्यावर विश्वास आहे, ठमाबाई. पण उद्या सात नद्यांपलीकडचे विचारतील, की फोटोत कुठे आहे? त्यांना काय सांगू? आता राहिली एकच खूण. पायाची बोटं. बेसऱ्याची लांब आणि काडीसारखी असतात, शिक्र्याची आखूड आणि जाड. बोटं दिसली असती तर प्रश्नच नव्हता."

"मग बघा की बोटं," एक खार म्हणाली.

"पिल्लू आडवं आलंय ना," शास्त्रीबुवा म्हणाले.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच आलं होतं.

"थोडं जरी डावीकडे असतं..." हुप्पेराव पुटपुटला.

"बारकीनेही रेघ पाहिली," ठमी म्हणाली. "ती ओरडून सांगत होती. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं."

शास्त्रीबुवांचे काटे उभे राहिले. "हो! हो, खरंच! तिच्याइतक्या जवळून आजवर कोणीच पाहिलेलं नाही. ठमाबाई, तिचे शब्द नेमके काय होते? आठवून सांगा. घाई नाही."

ठमीने आठवून सांगितलं.

"'ठळक' असं म्हणाली? की 'ठळकशी'?"

"ठळक."

"पण ठळक म्हणजे किती?" मागून एक होला म्हणाला. "इतक्या जवळून शिक्र्याची फिकट रेघसुद्धा ठळकच दिसणार."

"शिवाय पिल्लू," दुसरा म्हणाला. "डोळे उघडून दोन आठवडे झालेले. त्याची साक्ष धरायची म्हटलं तर उद्या कोणीही पिल्लू उठेल आणि काहीही सांगेल."

"त्याला नंतर पुन्हा विचारताही येणार नाही," तिसरा म्हणाला. हे सगळ्यांना पटलं.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. पण त्यात पहिल्यासारखं भांडण नव्हतं. पिल्लाचा मान राखून सगळे हळू आवाजात बोलत होते. शेवटी शास्त्रीबुवांनी काटा उपसला आणि जांभळाच्या रसात बुडवला. फोटोखाली जड हाताने लिहिलं, 'शिक्रा किंवा बेसरा. ओळख अनिश्चित.'

आणि काटा खाली ठेवायला गेले.

"शास्त्रीबुवा," ठमी म्हणाली, "आणि पायात आहे ते?"

"पायात?"

"पायात जे आहे त्याचं नाव नाही लिहिलंत."

शास्त्रीबुवा थबकले. खरोखर, फोटोत दोन पक्षी होते. मंडळाच्या इतक्या दिवसांच्या कामात पायातल्याचं नाव लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यांनी काटा पुन्हा रसात बुडवला. फोटोला नाक लावलं. मातकट अंग पाहिलं, बोटभर शेपटी पाहिली, उघडी चोच पाहिली, वर लागलेला पांढुरका डोळा पाहिला. मग वळून ठमीकडे पाहिलं, आणि परत फोटोकडे.

"सातभाई," ते म्हणाले. "पिल्लू."

कोणी हात वर करतंय का, म्हणून त्यांनी सभेवर नजर फिरवली. कोणीच हात वर केला नाही. ओळख मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

शास्त्रीबुवांनी लिहिलं, आणि पुढे सुवाच्य अक्षरात एक शब्द जोडला, 'निश्चित.'

तात्पर्य: बाळांनो, शिकारी पक्ष्याचा फोटो काढण्यापूर्वी त्याच्या पायात कोणी नाही, याची खात्री करून घ्यावी. बोटं झाकली जातात आणि मग नाव सांगता येत नाही.